पोषणाचे नियोजन ताटावरून व्हावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये देशाच्या पोषण-सेवनाचा अहवाल प्रसिद्ध केला. २०२३-२४ च्या पाहणीनुसार शहरी भारतात माणशी रोज २,२४० किलोकॅलरी आणि ६३.४ ग्रॅम प्रथिने मिळतात. ग्रामीण भागात २,२१२ किलोकॅलरी आणि ६१.८ ग्रॅम. प्रौढ पुरुषासाठी प्रथिनांची शिफारस दिवसाला ५४ ग्रॅमची आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘प्रथिनांचा प्रश्न संपला’ असा निष्कर्ष आता सर्रास काढला जातो. त्याच देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आणि पाच वर्षांखालच्या ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी असल्याचे नोंदवले. दोन्ही पाहण्या सरकारीच, दोन्ही मेहनतीने केलेल्या. एकीत घरात आलेले अन्न दिसते, दुसरीत शरीरावर झालेला परिणाम. मधला दुवा, म्हणजे त्या घरातल्या कोणी काय आणि किती खाल्ले, हा नियमितपणे कोणी मोजतच नाही. देशाचे पोषण-नियोजन या दुव्याविना चालले आहे आणि ते ताबडतोब सुधारले पाहिजे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी पहिल्या पाहणीबद्दल, कारण तिला कमी लेखणे योग्य होणार नाही. घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात २०२३-२४ मध्ये २,६१,९५३ कुटुंबांकडे माहिती घेतली गेली. धान्य-डाळींसाठी मागचे ३० दिवस, तर भाज्या, फळे, तेल, अंडी-मासे-मांस यांसाठी मागचे ७ दिवस विचारले जातात. एकाच भेटीत उत्तर देणारा कंटाळतो, म्हणून आता तीन प्रश्नावल्या तीन वेगळ्या महिन्यांत भरून घेतात. ही सुधारणा उत्तम आहे. पण ही पाहणी मुळात खर्च मोजण्यासाठी आखलेली आहे. महागाई निर्देशांकात कोणत्या वस्तूला किती वजन द्यायचे, हे ठरवणे तिचे काम. तिच्यावरून उष्मांक काढताना घरात आलेला किलो-लिटरचा आकडा पोषणमूल्याने गुणून माणसांवर वाटला जातो. वय आणि लिंगानुसार गरजेची प्रमाणे लावली, तरी अन्न गरजेप्रमाणेच वाटले गेले असे त्यात गृहीत धरावे लागते. नेमके हेच आपल्या घरांत होत नाही.

एका घराची आमटी घेऊन हिशेब मांडू. २०० ग्रॅम तूरडाळ शिजवून पातेल्यात १,६०० मिलि आमटी झाली. म्हणजे १०० मिलिमध्ये साडेबारा ग्रॅम कच्ची डाळ. घरातल्या पुरुषाने १२० मिलिच्या तीन वाट्या घेतल्या, तर त्याला ४५ ग्रॅम डाळ आणि त्यातून जवळपास पावणेदहा ग्रॅम प्रथिने मिळाली. सगळ्यांना वाढून शेवटी बसलेल्या बाईने एक वाटी घेतली. तिची डाळ १५ ग्रॅम, प्रथिने सव्वातीन ग्रॅम. हे झाले आमटी एकसारखी ढवळलेली असताना. आधीच्यांनी तळाचे दाट काढून घेतले असेल आणि उरलेल्यात पाणी घालून वाढवली असेल, तर तिच्या वाटीत याहूनही कमी. खर्चाच्या पाहणीत या घरासाठी एकच ओळ येते: तूरडाळ, इतके किलो. पाच माणसांत भागून सरासरी व्यवस्थित दिसते आणि ॲनिमिया झालेली बाई त्या सरासरीत सापडत नाही.

मुंबईत ही गळती आणखी वाढते, कारण इथे मोठ्या संख्येने माणसे घराबाहेर जेवतात. सकाळी साडेसहाची लोकल धरून रात्री नऊला परतणारा माणूस दिवसातले दोन वेळचे खाणे बाहेर करतो. खाणावळीचा डबा, ऑफिसचे कँटीन, स्टेशनबाहेरचा वडापाव, तीन-चार कटिंग चहा, हे सगळे ‘विकत घेतलेले जेवण’ किंवा ‘प्रक्रिया केलेले पदार्थ’ या रकान्यांत जाते. २०२३-२४ मध्ये शहरी कुटुंबांच्या एकूण मासिक खर्चातला सुमारे ११ टक्के वाटा पेये, न्याहारीचे पदार्थ आणि प्रक्रिया केलेले अन्न यांचा होता, आणि अन्नाच्या कोणत्याही एका गटापेक्षा तो मोठा आहे. म्हणजे अन्नावरच्या खर्चाचा सगळ्यात मोठा भाग तिथेच जातो, जिथे आपल्याला वजन, तेल, मीठ यांची माहिती सगळ्यात कमी आहे. पैशांवरून उष्मांक काढायचे ठरवले, तर टपरीवरचा वीस रुपयांचा वडापाव आणि वातानुकूलित हॉटेलातला ऐंशी रुपयांचा वडापाव यांत चौपट फरक दिसेल. वडा तेवढाच असतो.

घरकामाला येणाऱ्या मावशींचा प्रश्न याच जातीचा. त्या सकाळी एका घरी चहा-पोळी घेतात, दुपारी दुसऱ्या घरी जेवतात. ते अन्न मालकांच्या घरात शिजले, म्हणून नोंद तिथे होते. जेवणांची संख्या विचारून दुरुस्ती करतात खरी, पण मावशींना ताजे मिळाले की कालचे उरलेले, दोन पोळ्या मिळाल्या की चार, हे संख्येत येत नाही. एका गाळ्यात दहा-बारा जण राहून सामायिक स्वयंपाक करणारे कामगार, वसतिगृहातले विद्यार्थी, पाळीत काम करणारे सुरक्षारक्षक यांचेही असेच. आणि गरज तर प्रत्येकाची वेगळी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत बैठे काम करणाऱ्या पुरुषाची उष्मांकांची गरज २,११० आहे, तर अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्याची ३,४७०. वाशीच्या बाजारात गोणी उचलणाऱ्याला आणि काउंटरवर बसणाऱ्याला २,२४० ची एकच सरासरी लावून काहीच हाती लागत नाही.

आपल्याकडे व्यक्तीचा आहार मोजण्याची परंपरा नव्हती असे नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत १९७२ साली राष्ट्रीय पोषण संनियंत्रण विभाग सुरू झाला आणि महाराष्ट्रासह दहा राज्यांत त्याची पथके घरोघरी जाऊन चोवीस तासांच्या आहाराची नोंद घेत. ठरावीक मापांचे पेले-वाट्या दाखवून ‘यातली कोणती वाटी, किती भरलेली’ असे विचारले जाई. २०१५ च्या सुमारास ही व्यवस्था बंद झाली. प्रशिक्षित माणसे पांगली आणि वर्षानुवर्षांची तुलना करण्याची सोय गेली. त्यानंतर २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने १९ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या रक्तातील सूक्ष्म पोषकद्रव्ये तपासली, हे फार मोलाचे काम झाले. पण प्रौढ त्यात नव्हते. आता राष्ट्रीय पोषण संस्थेने आहार आणि रक्ततपासणी एकत्र करणारे राष्ट्रीय सर्वेक्षण हाती घेतले आहे. बोटातून थेंब घेण्याऐवजी शिरेतून रक्त घेण्याचा त्यातला निर्णय अगदी बरोबर आहे, कारण बोट दाबून काढलेल्या थेंबात पेशींबाहेरचा द्रव मिसळला की हिमोग्लोबिनचे मोजमाप चुकते. हे सर्वेक्षण एकदाच होऊन थांबू नये, दर तीन ते पाच वर्षांनी त्याच पद्धतीने पुन्हा व्हावे, यासाठी त्याला स्वतःचा कायमचा कर्मचारीवर्ग आणि अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद हवी.

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. रेशनवरच्या पोषणयुक्त तांदळाचेच पाहा. त्यात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह घालण्याचे प्रमाण आहे. रोज ३०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या कोकणातल्या पुरुषाला त्यातून साधारण साडेआठ ते पावणेतेरा मिलिग्रॅम लोह मिळेल. भाकरी खाणाऱ्या भागातली बाई दिवसाला ८० ग्रॅम तांदूळ खात असेल, तर तिला सव्वादोन ते साडेतीन मिलिग्रॅमच्या पलीकडे काही मिळणार नाही. ज्याला कमी गरज त्याला जास्त आणि जिला जास्त गरज तिला कमी, असे कितपत होते आहे? याचे उत्तर व्यक्तिनिहाय तांदळाच्या सेवनाच्या नोंदीतच आहे. दरडोई सरासरीतून ते कधीच निघणार नाही.

मिठाचे उदाहरण याहून बोलके आहे. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकाच्या हाती पडताना किमान १५ पीपीएम, म्हणजे किलोमागे १५ मिलिग्रॅम, आयोडीन असावे असा नियम आहे. म्हणजे १० ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम, जवळपास एका प्रौढाची दिवसाची गरज. आता रक्तदाबासाठी मीठ ५ ग्रॅमच्या आत आणा असे आपण सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण लोकांनी खरोखर ऐकले तर त्याच मिठातून ७५ मायक्रोग्रॅमच आयोडीन मिळेल. दोन्ही मोहिमांची सांगड घालायची, तर लोक किती मीठ खातात आणि त्यातले किती घरच्या डब्यातून व किती फरसाण-पापड-लोणच्यातून येते, हे कळायला हवे. मीठ तर आठवणीवर विचारून कळतच नाही. त्यासाठी निवडक लोकांची २४ तासांची लघवी गोळा करून त्यातले सोडियम मोजावे लागते. काम किचकट आहे, लोक नाखूश असतात, पण दुसरा भरवशाचा मार्ग नाही.

व्यक्तीचा आहार नोंदवण्याची पद्धत आता पुरेशी घोटलेली आहे. प्रश्न पाच टप्प्यांत विचारतात. आधी उत्तर देणाऱ्याला न अडवता कालच्या दिवसाची यादी सांगू द्यायची. मग विसरलेल्या गोष्टी काढायच्या: चहातली साखर, बिस्किटे, मूठभर शेंगदाणे, देवळातला प्रसाद, मुलांच्या ताटातले संपवलेले. ही शेवटची गोष्ट आया स्वतःहून कधीच सांगत नाहीत. त्यानंतर प्रत्येक खाण्याची वेळ आणि जागा, मग पदार्थ कसा केला व किती घेतला, आणि शेवटी पुन्हा एकदा उजळणी. नीट केले तर एका माणसाला पाऊण ते एक तास लागतो. वीस मिनिटांत उरकलेली नोंद पाहिली की दुसरा टप्पा गाळला आहे, हे जाणकार पर्यवेक्षकाच्या लक्षात येते, कारण त्या दिवशीच्या सगळ्या माणसांची तेल-साखर एकाच वेळी घसरलेली असते.

प्रमाण काढताना ‘एक वाटी’ या उत्तरावर थांबता येत नाही. त्याच घरातली वाटी पाण्याने भरून किती मिलिची आहे ते मोजावे लागते. एका घरातली वाटी ८० मिलिची, तर दुसऱ्या घरातली १८० मिलिची असू शकते. पोळीसाठी किलोभर पिठाच्या किती होतात, हे विचारावे. चाळीस होत असतील तर एका पोळीत २५ ग्रॅम पीठ, पंचवीस होत असतील तर ४० ग्रॅम. मेथीची जुडी नगावर नोंदवणे ही फार मोठी चूक, कारण पावसाळ्यातली जुडी आणि थंडीतली जुडी यांच्या वजनात ताळमेळ नसतो. शिवाय देठ-मुळे काढल्यावर खाण्याजोगे किती उरते ते वेगळेच. माशांचे तर विशेष सांभाळावे लागते. डोके, काटे वजा करायचे, आणि बोंबील ओला की सुका हे न चुकता लिहायचे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते, तेव्हा कोळीवाड्यांत आणि चाळींतही सुकट-बोंबलावर भर असतो. सुक्याची नोंद ओल्याच्या रकान्यात गेली, तर प्रथिनांचा हिशेब कित्येक पटींनी चुकतो.

दिवस निवडण्यातही गफलत होते. नोकरदार माणूस घरी सापडावा म्हणून पाहणी करणारे रविवारी येतात, आणि मग सगळ्यांच्या नोंदी शनिवारच्या होतात. शनिवारी उपवास करणारे या शहरात कमी नाहीत. श्रावणात केलेली पाहणी मांसाहार दाखवणार नाही, रमजानच्या काळात मोहम्मद अली रोडवर केलेली पाहणी दिवसाच्या वेळा चुकवील. म्हणून नमुना वर्षाच्या बारा महिन्यांत आणि आठवड्याच्या सातही दिवसांत विभागलेला हवा. शिवाय एकाच दिवसाच्या नोंदीवर कोणत्याही माणसाला ‘कमतरता आहे’ असे म्हणता येत नाही. काल अंडे खाल्ले नाही म्हणून तो अंडे खात नाही असे होत नाही. निदान पाचव्या हिश्श्याच्या लोकांकडे काही दिवसांनी दुसऱ्यांदा जाऊन नोंद घेतली, तर माणसा-माणसांतला फरक आणि एकाच माणसाच्या दिवसा-दिवसातला फरक वेगळा काढता येतो आणि नेहमीच्या सेवनाचा अंदाज बांधता येतो.

इथे आणखी एक चूक वारंवार होते. लोकसंख्येत किती जणांना एखादे पोषकद्रव्य कमी पडते हे मोजताना शिफारस केलेले प्रमाण वापरू नये. ते मुद्दाम चढे ठेवलेले असते, जेणेकरून जवळपास सगळ्यांची गरज भागावी. तुलना सरासरी गरजेशी करायची असते. प्रौढ स्त्रीसाठी लोहाची शिफारस २९ मिलिग्रॅम आणि सरासरी गरज १५ मिलिग्रॅम. चुकीचा आकडा घेतला की बहुतेक स्त्रिया कमतरतेत जाऊन बसतात आणि त्यावरून आखलेली योजना भलत्याच मात्रेची होते. पाळी येणाऱ्या स्त्रियांच्या लोहाबाबत तर गरजेचा पसारा एका बाजूला झुकलेला असल्याने साधी तुलनाही पुरत नाही, संभाव्यतेची पद्धत, म्हणजे प्रत्येकीची गरज न भागण्याची शक्यता काढून सगळ्यांची सरासरी घेणे, वापरावी लागते. हे काम जाणत्या सांख्यिकीतज्ज्ञाकडेच द्यावे.

एवढे सविस्तर सर्वेक्षण दरवर्षी जमणार नाही, हे मान्य. मधल्या वर्षांसाठी सोपी मोजणी आहे: १५ ते ४९ वयाच्या स्त्रीने काल दहा अन्नगटांपैकी किमान पाच गटांतले काही खाल्ले का, एवढेच पाहायचे. चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर गट मोजायचा नाही. या मोजणीत वडापाव कुठे बसतो ते पाहण्यासारखे आहे. पाव आणि बटाटा हे एकाच गटात, धान्य-कंदमुळांत, मोडतात. आवरणातले बेसन १५ ग्रॅम भरले तर डाळींचा दुसरा गट. लसणीच्या चटणीतले खोबरे-शेंगदाणे चिमूटभर, ते धरायचे नाहीत. पोट भरले, गट झाले फार तर दोन. सोबत एक केळे आणि संध्याकाळी ग्लासभर दूध असते, तर चार झाले असते. आशा सेविका किंवा अंगणवाडी सेविका ही मोजणी दहा मिनिटांत करू शकते, अट एवढीच की तिच्याकडची आधीची कामे कमी करून आणि या कामाचा वेगळा मोबदला देऊन ती सोपवावी.

पोषणमूल्यांच्या तक्त्यांकडेही लक्ष हवे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ खाद्यपदार्थांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. ते काम पायाभूत आहे, पण त्यात भर कच्च्या पदार्थांवर आहे. मिसळ, साबुदाणा खिचडी, पावभाजी, दाबेली, खाणावळीतली पातळ भाजी यांची मूल्ये पाककृतीवरून काढावी लागतात आणि दर संशोधक आपापली पाककृती गृहीत धरतो. मुंबईतल्या वेगवेगळ्या भागांतल्या टपऱ्यांवरून नमुने घेऊन, वजन करून, प्रयोगशाळेत तेल आणि मीठ मोजून शंभरएक बाजारी पदार्थांचा एक सामायिक तक्ता केला, तर सगळ्यांचे काम एका पातळीवर येईल. शहरातल्या गृहविज्ञान आणि अन्नशास्त्र महाविद्यालयांना हे सहज शक्य आहे.

मुंबईचे स्वतःचे सर्वेक्षणही आवाक्यातले आहे. सध्या मुंबई उपनगर जिल्ह्याचा जो आकडा येतो, त्यात वांद्र्याचे मनोरे आणि गोवंडीच्या वस्त्या एकत्र असतात. पाच टक्क्यांच्या अचूकतेसाठी एका गटात ३८४ माणसे लागतात; नमुना वस्तीनिहाय घेतल्यामुळे (एका वस्तीतले आहार एकमेकांसारखे असतात म्हणून) ते दुप्पट, ७६८; आणि पंधरा टक्के लोक नकार देतील असे धरून सुमारे ९००. लहान मुले, शाळकरी मुले, किशोरवयीन, प्रौढ स्त्रिया, प्रौढ पुरुष आणि ज्येष्ठ असे सहा गट केले तर ५,४०० माणसे, आणि दुसऱ्या दिवसाच्या १,०८० नोंदी. एकाने दिवसाला चार नोंदी घेतल्या तर १,६२० मनुष्यदिवस. वीस प्रशिक्षित जणांना वर्षभरात विभागून साधारण ऐंशी-एक्क्याऐंशी दिवसांचे काम. हे संपूर्ण शहराचे झाले; प्रत्येक वॉर्डाचा स्वतंत्र आकडा हवा असेल तर नमुना त्या पटीत वाढेल, पण झोपडपट्टी आणि बिगर-झोपडपट्टी असे दोन भाग केले तरी दुप्पटच होतो. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा वाहणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था देवनारलाच आहे. महापालिकेच्या आरोग्य खात्याने तिच्याशी करार करून हे काम हाती घ्यावे, आणि जमलेली माहिती नावे-पत्ते काढून, प्रत्येक पदार्थाच्या नोंदीसह, सर्वांना विनामूल्य उपलब्ध करावी. २०१७-१८ च्या खर्च पाहणीचे निकाल रोखले गेले आणि त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ पर्यंत देशाला वापरता येण्याजोगा आकडा मिळाला नाही. तसे पुन्हा होऊ नये.

शेवटी शहरातल्या गृहनिर्माण संस्थांना विनंती. खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबांची निवड करताना मोटारगाडी असलेली घरे मुद्दाम वेगळ्या गटात घेतात, कारण त्यांचा खर्च वेगळ्या पातळीवरचा असतो. पण फाटकावरच पाहणी करणाऱ्याला परत पाठवले, की त्या जागी दुसरे, तुलनेने सोपे घर घेतले जाते आणि संपन्न घरांचा आहार, त्यातले तेल-साखर आणि त्यातून येणारा मधुमेह नोंदीबाहेर राहतो. संस्थांच्या कार्यकारिणीने सूचनाफलकावर एवढे लावावे: सरकारी पाहणी करणाऱ्याचे ओळखपत्र आणि कार्यालयाचे पत्र तपासा, नोंदवहीत नाव लिहा, आणि त्याला वर सोडा. ज्या घरात तो जाईल, तिथे ज्या व्यक्तीची नोंद घ्यायची तिलाच उत्तर देऊ द्या. सुनेचे जेवण सासूने सांगू नये आणि बायकोचे नवऱ्याने.

आपले,
आहारशास्त्र आणि सर्वेक्षण-सांख्यिकी या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक, मुंबई